बोटभर तिरकं

दाजींना भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही, हे मी पंधरा वर्षं ज्याला त्याला सांगत आलो. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ग्रंथालयात नोकरी. पुस्तकांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि लोकांना हळू बोला म्हणायचं. स्वतः तर इतकं हळू बोलतात की शेजारी कोणी आजारी झोपलंय की काय असं वाटावं. काहीही काम सांगा, उत्तर ठरलेलं: सावकाश करू. म्हणून मी त्यांचं नावच सावकाश पाडलं होतं. ताई माझ्यावर चिडायची, पण हसू तिलाही यायचं.

मी डेंटर आहे. चेपलेल्या, घासलेल्या गाड्या माझ्या गॅरेजात येतात आणि जाताना मालकालासुद्धा सांगता येत नाही कुठे लागलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ताईची पोरगी म्हणजे माझा आणि बायकोचा जीव की प्राण. पाच वर्षांची होती तेव्हा एकदा गॅरेजात आली, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरली आणि माझ्या कामगाराला म्हणाली, इथे राहिलंय. बघतो तर खरंच राहिलं होतं. तेव्हापासून ती माझी फोरमन.

ताई जाऊन दीड वर्ष झालं. त्या घरात बापलेक दोघंच उरले. पोरीचे कपडे अर्धवट वाळलेले, डब्यात रोज तेच, केसांना धड तेल नाही. मला बघवेना. मी दाजींना सरळ सांगितलं की तिला आमच्याकडे पाठवा, माझी बायको तिला फुलासारखं सांभाळेल. त्यांनी वाद घातला नाही. तेरा वर्षांची आहे, तिलाच विचारू, एवढंच म्हणाले. परीक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी ती सांगणार, बाबांकडे राहायचं की मामाकडे, असं ठरलं. त्या माणसाला पोरीशिवाय जगात कोणी नव्हतं आणि हे मला चांगलं माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की याच्या लक्षात आलं नसेल.

आता गाडीचं. गाडी ताईची, राखाडी रंगाची, जुनी पण ठणठणीत. ताई पोरीला शाळेत सोडायची तेव्हा सिग्नलला दोघी शेपटीवाल्या गाड्या मोजायच्या. शेपटी म्हणजे डिकीवरचा स्पॉयलर. एक दिवस आपल्या गाडीलाही शेपटी लावू, असं ताई तिला म्हणायची. मग ते आजारपण आलं आणि राहूनच गेलं. दाजींनी मात्र ते मनात धरून ठेवलेलं. परीक्षा चालू असतानाच ते भंगारवाल्याकडे जाऊन एक जुना स्पॉयलर घेऊन आले. ती सांगणार होती त्याच रविवारी सकाळी मला फोन, तुझं ड्रिल मिळेल का? मी म्हटलं, ड्रिल कशाला, मीच येतो. म्हटलं, तमाशा तरी बघायला मिळेल.

गेलो तर अंगणात गाडी धुऊनपुसून उभी. दोन स्टुलांवर जुनी चादर आणि तिच्यावर स्पॉयलर. भंगारातून आणला तेव्हा लाल होता म्हणे, एका टोकाला खरवडलेला. आता राखाडी, अगदी गाडीचाच राखाडी. मी वाकून उजेडात बघितलं. कुठे ओघळ नाही, कुठे दाणा नाही. कडेवरून नख फिरवून पाहिलं, पुट्टी कुठे भरलीय ते मला, डेंटरला, कळेना. तीन आठवडे रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर घासत होतो, असं दाजींनी सांगितलं. सावकाश.

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही.

मग त्यांनी कागद काढला. स्पॉयलरच्या खालच्या बाजूला बोल्टच्या चार जागा असतात, त्या डिकीवर नेमक्या उतरवायच्या म्हणजे कागदावर छापा घ्यावा लागतो. दाजींनी जाड खाकी कागद घेऊन तो काढलेला. मधोमध घडी, घडीवर पेन्सिलची रेघ, चार बोल्टांचे चार गोल. कागद हाताने फाडलेला होता, त्यामुळे कडा वाकड्यातिकड्या, पण गोल मात्र केसाएवढेही इकडेतिकडे नव्हते. मधली रेघ डिकीवरच्या कंपनीच्या चिन्हावर ठेवली, चारी बाजूंना टेप लावली आणि मागच्या काचेपासून दोन्हीकडे मोजलं. तीनदा मोजलं. पट्टी धरायला फोरमन होती. ती आकडा वाचायची, ते मान हलवायचे. ती माझ्याकडे बघत नव्हती. आल्यापासून एकदाही, मामा हे बघ, असं म्हणाली नव्हती. बापाच्या हाताकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या घरात ताई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी मनात म्हटलं, संपलं. आज ही इथेच राहते म्हणणार.

चष्मा आत राहिला म्हणून दाजी आत गेले. फोरमन पायरीवर जाऊन बसली आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकली. मला काही फार विचार करावा लागला नाही, हात आपसूक पुढे गेला. चारी टेपा उचलल्या, मधली रेघ चिन्हावर तशीच ठेवली आणि कागद किंचित फिरवला. उजवी बाजू बोटभर बंपरकडे, डावी आपोआप काचेकडे. टेपा परत दाबल्या. कडा वेड्यावाकड्या, मधली खूण जागच्या जागी, डोळ्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. आयुष्यभर तिरकं सरळ करत आलोय मी. सरळ तिरकं करायला तेवढाही वेळ लागला नाही.

दाजी चष्मा पुसत बाहेर आले. पुन्हा मोजतील अशी मला धास्ती होती. पण एकदा नीट केलेल्या कामावर संशय घ्यायची त्यांची पद्धत नाही आणि मी काही करीन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. उलट मलाच म्हणाले, तू जवळ उभा राहा, म्हणजे मला धीर येईल. मी राहिलो. ड्रिल त्यांच्या हातात दिलं, दाबू नका, पत्रा आपणहून वाट देतो, असं शिकवलंसुद्धा. चारी भोकं इतकी सुरेख पडली की माझ्या कामगारांना बोलावून दाखवावीत. कडा कानशीने घासल्या, गंज धरू नये म्हणून प्रायमर लावला, रबरी वॉशर घालून आतून नट आवळले. कागद घडी करून खिशात ठेवला. आणि मग पोरीला म्हणाले, डोळे मीट.

डोळे मिटलेल्या पोरीला हाताला धरून त्यांनी गाडीच्या मागे दहा पावलांवर नेलं. तोवर त्यांनी स्वतःही लांबून बघितलं नव्हतं, तिच्याबरोबरच बघायचं म्हणून पाठ करून चालले होते. वळले आणि म्हणाले, उघड डोळे.

स्पॉयलर तिरका होता. थोडाथोडका नाही, लांबून तर फारच. एक टोक काचेत घुसायला निघालेलं, दुसरं डिकीवरून बाहेर डोकावणारं. डोक्यावर टोपी वाकडी बसल्यासारखी गाडी दिसत होती.

पहिला बोललो तो मीच.

"दाजी, एका बाजूची हवा गेलीय का बघा टायरची. नाहीतर तुम्हीच तिरके उभे असाल."

फोरमनला हसू फुटलं. आधी नाकातून, मग ती पोट धरून हसायला लागली. मीही हसलो. दाजीसुद्धा हसले, आपण हसलं नाही तर तिला वाईट वाटेल म्हणून हसतात तसे. मग चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा बघितलं.

काढतो आणि परत बसवतो, म्हणाले. आत्ता करतो, तासाभराचं काम. कागद खिशातून काढायला लागले. तिथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण तोंडाला आलेलं मी कधी गिळलं नाही.

"आणखी चार भोकं? करा, चाळणी करा ताईच्या गाडीची. तिची तेवढीच तर वस्तू राहिलीय."

दाजींचा हात खिशातच राहिला. ते पायरीवर जाऊन बसले. पोरीचं हसू थांबलं होतं. ती स्टुलावरची चादर उचलून घड्या घालायला लागली, चार घड्या, आठ घड्या, घालण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबली. आणि चादरीकडे बघूनच म्हणाली, की तिचं ठरलंय, ती मामाकडे जाते.

"बरं," दाजी म्हणाले.

उठले, आत गेले आणि तिची बॅग भरायला घेतली. मी दारात उभा राहून बघत होतो. प्रत्येक कपडा झटकून, बाह्या आत दुमडून, पुस्तकाला कव्हर घालावं तसा घडी करत होते. मोजे जोडीजोडीने. ताईचा कंगवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मला म्हणाले, तिला कानाला वारा लागला की सर्दी होते, खिडकीशी झोपवू नका. मी हो म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता, बायकोला कधी एकदा फोन करतो असं झालं होतं.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. दोन सिग्नल गेले. मी म्हटलं, रडावंसं वाटलं तर रड फोरमन, मामापुढे कसली लाज. तिने समोर बघत मान हलवली, नाही म्हणून.

"तू कागद फिरवलास. मी पाहिलं."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्याने भोंगा वाजवला. पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

"बोलले असते तर बाबांनी नीट बसवला असता," ती म्हणाली. "मग मला निघता आलं नसतं."

असं सरळ, आवाज न चढवता. मग म्हणाली की त्या घरात तिला गुदमरल्यासारखं होतं, बाबा आईचा कंगवासुद्धा हलवत नाहीत, तिला किती दिवसांपासून निघायचं होतं पण त्यांच्या तोंडावर सांगणं जमत नव्हतं. तीन आठवडे ते शेपटी घासत होते आणि ती रोज खिडकीतून बघून मनात म्हणत होती, बिघडू दे, बिघडू दे. बरं झालं तू आलास, म्हणाली. आणि सिग्नल हिरवा झाला असं मला दाखवलं.

आता ती आमच्याकडे असते. बायको तिचे लाड करते, केस लांबसडक झालेत, अभ्यासात पहिली-दुसरी असते. दाजी दर रविवारी येतात त्याच गाडीतून, वर तोच वाकडा स्पॉयलर. आमच्या गल्लीतले लोक हसतात. गाडी माझ्याकडे ठेवा, भोकं बुजवून रंग मारून देतो, दिवसाभराचं काम आहे, असं मी कितीदा म्हटलं. नको म्हणतात, सावकाश मीच करीन. करत मात्र काही नाहीत. मागच्या रविवारी चहा पिता पिता त्यांनी खिशातून तो खाकी कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. माझ्या टेबलावर पसरला आणि पट्टी ठेवून मला दाखवलं, हे बघ, इथून इथपर्यंत, आणि हे इथून.

"कागद बरोबर आहे रे. काचेपासूनही तीनदा मोजलं होतं. मग माझं चुकलं कुठे?"

फोरमन समोर बसली होती. बिस्कीट चहात बुडवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, काय उत्तर देतो ते ऐकायला. होतं असं कधीकधी, मी म्हटलं. तिने बिस्कीट खाल्लं. दाजींनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि पोरीला विचारलं, सर्दी बरी झाली का?

सुट्टीच्या दिवशी ती गॅरेजात येते. हात चांगला आहे तिचा, नजर तर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. मी सांगतो ती पट्टी धरते, टेप लावते, आकडा वाचते. कामगार म्हणतात, पुढे गॅरेज हीच चालवणार, आणि मी हसून हो म्हणतो. पण भोक पाडायच्या आधी तिला काहीतरी आणायला आत पाठवतो आणि ती दिसेनाशी झाली की स्वतः सगळं परत मोजतो.