कोपनहेगनला दहापैकी तीन

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. मग अद्वय बोलला, लिही, आणि माझं नाव बदलू नकोस. म्हणून लिहितोय.

अद्वय माझा मित्र. डोंबिवली ईस्टला राहतो. अकरावीला आम्ही एका बेंचवर होतो, तो अभ्यास करायचा आणि मी त्याचं बघून लिहायचो. मी मानपाड्याचा, आगरी. लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, एडिटिंग मोबाईलवर बघून बघून शिकलो. तो इंजिनियर झाला. मधे कॉलेजला असताना ट्रेकला गेलेला, तिकडे पडला. मणक्याला मार. तेव्हापासून कमरेखाली काहीच नाही. व्हीलचेअर.

त्याच्या घरी तो आणि मंदाकिनी काकू. काका तो शाळेत असतानाच गेले. काकू बँकेत होत्या, आता रिटायर. बोलणं एकदम पुस्तकातलं. मला अजून 'अरे मयूर, चप्पल नीट काढ' म्हणतात.

तर यंदा अद्वयला बाहेर शिकायला दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळाली. शहरांची वाहतूक कशी असावी, असा काहीतरी कोर्स. एक टोकियो, एक कोपनहेगन. सोमवारपर्यंत कुठलं ते कळवायचं होतं.

काकूंचं म्हणणं होतं, कुठलंच नको. मग खूप रडारड झाली. शेवटी त्या बोलल्या, "मयूरने सगळं बघून मला सांगावं. तो तुला इतकी वर्षं सगळीकडे नेतोय. तुला कुठे काय अडतं ते त्याला माहितीये. तो म्हणाला हे शहर चालेल, तर मी हो म्हणेन."

म्हणजे झालं काय, की निकाल माझ्यावर आला.

मी टोकियो सोडा, विमानतळाच्या आतही गेलेलो नाही. पण व्हिडिओ बघायचे म्हटल्यावर ते माझंच काम. कॉलेजपासून घरापर्यंत त्याला रोज मेट्रोनेच जायचं होतं. म्हणून मी मेट्रो बघायला बसलो. नुसती ती दोन शहरं नाही, सगळीच. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, सोल. एकदा लागलो की मला थांबता येत नाही. पॅरिसच्या जुन्या लाइनींवर लिफ्ट शोधून सापडत नाही. लंडनमध्ये नकाशावर खुर्चीचं चिन्ह असलेली स्टेशनं शोधावी लागतात, मधली सोडून द्यायची. न्यूयॉर्कला कुठली लिफ्ट चालू आहे ते बघूनच घराबाहेर पडायचं. सोल बरं वाटलं.

मग टोकियो लावलं. भाई, मी बघतच राहिलो.

खुर्चीवाला माणूस स्टेशनला येतो. युनिफॉर्मवाला स्टाफ पुढे येतो, वाकतो, कुठे जायचं विचारतो. हातात घडीची पाटी, रॅम्पसारखी. गाडी आली की प्लॅटफॉर्म आणि डब्यामधल्या फटीवर पाटी टाकतो, माणूस आत. मग हा पुढच्या स्टेशनला कळवतो, अमुक डब्यात अमुक माणूस येतोय. तिकडे दुसरा युनिफॉर्मवाला पाटी घेऊन बरोब्बर त्याच दरवाजासमोर उभा. परत वाकतो.

मी दहापैकी दहा दिले.

कोपनहेगनला काहीच नाही. स्टेशन रिकामं. गाडी येते, तिला चालवणाराच नाही. खरंच, पुढे काच आणि काचेमागे पोरं बसलेली. खुर्चीवाला येतो, लिफ्टने खाली जातो, दरवाजा उघडतो, सरळ आत. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. उतरतो, निघून जातो. व्हिडिओ संपला पण.

मी तीन दिले. ते पण लिफ्टसाठी.

शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये लॅपटॉप लावला. काकू सोफ्यावर, अद्वय खुर्चीत, मी खाली. टोकियोचा व्हिडिओ बघताना काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. "किती आदराने वागवतात रे," त्या बोलल्या. कोपनहेगन लावल्यावर विचारलं, "आणि इथे माणसं कुठे आहेत?"

"नाहीयेत काकू. तोच तर प्रॉब्लेम आहे. हा पडला तर उचलायला कोण, भूत?"

"मग प्रश्नच मिटला," काकू बोलल्या. "टोकियो."

अद्वय मला बोलला, "माझे मार्क ऐकायचेत?"

"सांग ना."

"टोकियो तीन. कोपनहेगन दहा."

मला वाटलं मस्करी करतोय. "अरे येडा झालायस का? तो माणूस वाकून नमस्कार करतोय तुला!"

"रोज करणार. सकाळी करणार, संध्याकाळी करणार. मी रोज सांगणार कुठे उतरणार ते. मधेच वाटलं की आधीच्या स्टेशनला उतरून कॉफी प्यावी, तर? तो पाटीवाला पुढे उभा."

"तर काय झालं? सांगायचं."

"मयूर, तुला कधी कुणाला सांगावं लागतं का, मी इथे उतरतोय म्हणून?"

मी बोललो, "आमच्याकडे माणूस माणसाला उचलतो. त्यात लाज कसली?"

तिथे तो चिडला. मोठ्याने नाही, तो मोठ्याने चिडत नाही. बोलला, "कृतिकाची हळद आठवते?"

कृतिका माझी बहीण. गेल्या वर्षी लग्न झालं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बेंजो, मांडव, सगळा गाव. अद्वय आलेला, मी त्याला कडेला सावलीत बसवलेला. आमचा पंढरी आजा, वयाने एवढा म्हातारा, तरी नाचत होता, त्याने बघितलं आणि ओरडला, "आरं त्याला कडंला कशाला ठेवलास? वर घे ना पोराला!" झालं. माझ्या चार चुलतभावांनी खुर्चीसकट उचलला, खांद्यावर. बेंजोवाल्यांनी चाल वाढवली. अद्वय वर, हात हवेत, तोंडभर हसतोय, अख्खा मांडव शिट्ट्या मारतोय. मी शूट केलं ते. माझ्या सगळ्या कामात मला तोच शॉट सगळ्यात जास्त आवडतो. शोरीलमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायच्या व्हिडिओत, पहिला लावलाय.

"आठवते की," मी बोललो. "कसला नाचलेलास तू."

"मी नाचलो नाही. मला नाचवलं. मला विचारलं कुणी? खुर्चीचा ब्रेक लागलेला नव्हता. मी पूर्ण वेळ हात वर करून बसलेलो, कारण पकडायला काहीच नव्हतं. आणि हसत होतो, कारण वर उचललेला माणूस दुसरं काय करणार?"

काकूंनी मान खाली घातली. मी तो शॉट मनातल्या मनात परत बघत होतो आणि तो वेगळाच दिसत होता.

"तुमचं वाईट नाही रे," तो बोलला. "आजोबांचं तर अजिबात नाही. पण तू मार्क कशाला दिलेस बघ. किती माणसं येतात त्याला दिलेस. मला हवंय की कुणी यावंच लागू नये."

काकू शेवटी बोलल्या, "हे बोलायला ठीक आहे अद्वय. पण तू एकटा कधी गेलायस? मी पाहिलेलंच नाही तुला एकट्याला."

"मग बघ. उद्या बघ."

आमच्या इकडची मेट्रो अजून खांबांवरच आहे. कल्याण-शीळ रोडला रोज बघतो ते खांब. पण पुढे तळोज्याला पेंधरपासून बेलापूरला गाडी चालू आहे. रविवारी सकाळी माझ्या ईको गाडीतून तिघं निघालो. ठरलं असं, की काकू पेंधरला गाडीतच बसणार, अद्वय एकटा बेलापूरला जाऊन येणार. काकू ऐकेनात, म्हणून मी मागे. पण हात लावायचा नाही, बोलायचं नाही, मी त्याच्या ओळखीचाच नाही असं.

स्टेशनवर सगळं झकास झालं. लिफ्टने वर, कार्ड लावलं, आत. गार्डने "मदत करू?" विचारलं, अद्वय "नको, थँक्यू" बोलला, गार्ड बाजूला झाला. गाडी आली, तो थोडा मागे रेलला, पुढची चाकं उचलली, आत. मी पुढच्या दरवाजाला उभा. माझेच हात खिशात राहीनात. त्याची पाठ दिसली की हात आपोआप हँडलकडे जायचे. गाडी वळली तसा तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि खारघरच्या डोंगराकडे बघत राहिला. मी इतक्या वर्षांत त्याला एकटं बसलेलं बघितलंच नव्हतं. नेहमी आम्ही कुणीतरी त्याच्याशी बोलत असतो.

बेलापूरला उतरून खाली आला. बाहेर चहाची टपरी दिसली, तिकडे निघाला. फुटपाथवरून रस्त्यावर उतरताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं. खुर्ची आडवी. तो रस्त्यावर.

मी धावलो. खरं सांगतो, धावलो. दोन पावलांवर असताना त्याने हात वर केला. थांब असा. मी थांबलो. पाय थांबले, बाकी सगळं पुढे जात होतं.

दोन रिक्षावाले तोपर्यंत आले. एकाने बगलेत हात घालायला घेतला.

"दादा, थांबा," मी बोललो. "हात नका लावू."

"क्यूँ? तेरा कौन लगता है?"

"दोस्त आहे."

"साला, कैसा दोस्त है? वो गिरा है और तू देख रहा है!" दुसरा मराठीत बोलला, "व्हिडिओ काढतोय काय रे?"

तेवढ्यात फोन वाजला. काकू.

उचलू की नको. खोटं बोलू की नको. सोमवारची ती मेल, सगळं तेवढ्यात डोक्यात आलं. पडला म्हणून सांगितलं की संपलं सगळं, टोकियोही गेलं. आणि नाही सांगितलं, तर त्या ज्याच्यावर विसंबल्यात तो मी खोटा.

"हां काकू."

"पोचलात का? कसं चाललंय?"

"पडलाय काकू. बाहेर रस्त्यावर. लागलेलं नाही जास्त. उठतोय."

"तू उचललंस का?"

"नाही."

"का?"

"त्याने सांगितलं नाहीये अजून."

मला वाटलं आता ओरडतील. त्या बोलल्या, "फोन ठेवू नकोस."

मी फोन हातात धरून उभा राहिलो. अद्वयने आधी खुर्ची सरळ केली, बाजूला ओढत फुटपाथला टेकवली, ब्रेक लावला. मग हातांवर सरकत फुटपाथच्या कडेला बसला. पाय एकेक हाताने उचलून नीट ठेवले. दम खाल्ला. कोपरातून रक्त येत होतं. पहिल्यांदा वर गेला आणि परत खाली बसला. रिक्षावाला "अरे यार" बोलला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळी गेला. एक हात सीटवर, एक हात फुटपाथच्या कडेवर, आणि अंग फेकल्यासारखं वर. बसला. शर्ट झटकला.

"बसला काकू," मी बोललो. त्यांनी फोन ठेवला.

रिक्षावाले गेले नाहीत लगेच. मराठी बोलणाऱ्याने चार चहा सांगितले. "मला वाटलं नाय उठणार," तो अद्वयला बोलला. अद्वय बोलला, "मला पण." मग हसले सगळे. मला हसायला नाही आलं.

पेंधरला परतलो तेव्हा काकू गाडीबाहेर उन्हात उभ्या होत्या. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने त्याचं कोपर धुतलं, रुमाल बांधला. शीळ फाट्याजवळ ट्रॅफिकला अडकलो, तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवरून त्या मागे अद्वयकडे न बघता बोलल्या, "मयूर, आता किती मार्क देशील?"

"कुणाला?"

"कोपनहेगनला."

मी विचार केला. "मला देता नाही येणार काकू. ते त्यालाच देऊ द्या."

"हं," त्या बोलल्या. मग अद्वयला, "मला भीती वाटते. ती जाणार नाही, हे तुला सांगून ठेवते. पण तू जा."

सोमवारी सकाळी कोपनहेगनला 'येतो' म्हणून मेल गेली. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं कोपर स्टेशनच्या बाजूला खाडीवर गेलेलो. रस्ता जिथपर्यंत सपाट आहे तिथपर्यंत तो स्वतः आला. अंधार व्हायला आलेला.

अद्वय बोलला, "खरं सांगू? फाटलीये माझी. तिकडे थंडीत कधीतरी असाच पडेन आणि खरंच कुणी नसेल."

"मग?"

"मग तुला फोन करेन. रडेन पण. आणि तू काय करशील मला माहितीये. लगेच म्हणशील, सोड, ये परत, मी एअरपोर्टला येतो. आईला पण पटवशील. मला इकडे आणून सोडशील."

मी हेच केलं असतं.

"तसं करू नकोस," तो बोलला. "फोन उचल. ऐक. पण परत ये हे तू बोलायचं नाही. मला यायचं असेल तर मी बोलेन."

"आणि तू बोललास तर?"

"तर ये एअरपोर्टला."

मी त्याच्याकडे बघून बोललो, "उचलेन फोन. कितीही वाजले असू देत. ऐकेन, जेवढा वेळ रडशील तेवढा. पण ये म्हणणार नाही. तू स्वतः बोलेपर्यंत, आईशप्पथ, मी ते म्हणणार नाही."