माझ्या पाठीवर न उठलेला शिक्का

मी एक दाखला आहे. राजस्थानात मिळालेला, नर्सच्या नोंदणीचा. माझ्यावर नीलमचं नाव ठळक आहे, पण खालची सही अर्धीच उरली आहे. ती अर्धी कशी झाली, तेच सांगायचं आहे. फार दिवस मनात सलतंय.

दोन हजार तीन साली नीलम लग्न होऊन जुन्नरला आली, तेव्हा मी तिच्या साड्यांच्या घडीत होतो. सासरे फतेचंद कापडाचे व्यापारी. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "आपल्या घरातली पहिली नोकरी करणारी सून! याला इथली ओल लागायला नको," म्हणाले आणि स्टँडजवळून मला लॅमिनेशन करून आणलं. दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी मला टांगलं. खोटं कशाला बोलू, मी चकाकत होतो आणि मिरवत होतो.

एकदा भागू नावाची बाळंतीण दुपट्याचं कापड घ्यायला आली आणि ते हातात धरून रडायलाच लागली.

"बाळ रडलं का मलाबी रडू येतं, ताई. घरची म्हनत्यात, नाटकं करती."

नीलमनं तिला गादीवर बसवलं, पाणी दिलं, तासभर ऐकून घेतलं. बाळंतिणींचं मन सावरायचं कसं, हेच तर ती शिकली होती.

"दवाखान्यात तुमच्यावानी कुनीतरी बसाय पायजे," जाताना भागू म्हणाली.

पुढच्याच महिन्यात तशी जागा निघाली. मात्र नोंदणी महाराष्ट्राची हवी होती. सून आणि सासरे मला घेऊन मुंबईच्या कचेरीत गेले. कारकुनानं मला पालथं घालून शिक्का मारला. शाई प्लॅस्टिकवर फिसकटली.

"मूळ कागदाच्या पाठीवर शिक्का लागतो, ताई. कुठल्या शहाण्यानं हे केलं?"

फतेचंदांची मान खाली गेली.

"मीच केलं, साहेब," नीलम म्हणाली.

घरी फतेचंद ब्लेड घेऊन बसले. "राहू द्या हो, कांदा आहे का तो सोलायला!" सासूबाई मोहनबाई ओरडल्या. पण फतेचंदांचा हात थांबेना. अर्धी सही प्लॅस्टिकबरोबर निघून गेली.

राजस्थानातून दुसरी प्रत यायला नऊ महिने लागले. तोवर कुणी मिळालं नाही म्हणून ती जागाच रद्द झाली. भागू दोनदा दुकानात विचारून गेली, "ताई, कवा बसनार दवाखान्यात?" मी खणात पडून ऐकत होतो. मग ती यायचीच थांबली.

आता नीलम मंचरला नोकरी करते. नव्या प्रतीच्या पाठीवर शिक्का आहे. फतेचंदांनी मला टाकलं नाही. कुणाच्या हातात शाळेचा दाखला दिसला की ते म्हणतात, "प्लॅस्टिकात घालू नका, राव."

नियम नकोत, असं मी म्हणत नाही. खोटा कागद घेऊन कुणी बाळंतिणीजवळ बसू नये. पण दोन राज्यांच्या मधल्या वाटेत नीलमचं शिकलेलं काही सांडलं नव्हतं. एका कचेरीनं दुसरीला पत्र टाकून विचारलं असतं, तर माझ्या पाठीवाचून काय अडलं असतं?

भागू, तुझं बाळ आता मोठं झालं असेल. तुझं रडू थांबलं का गं? मला कुणी सांगत नाही, आणि विचारायला तोंड नाही.