सरळ रस्त्यावरचा ब्रेक

मला चौकशा करायची खोड आहे. माझा धंदा गेमिंगचे कॉम्प्युटर जुळवून द्यायचा, आणि त्या धंद्यात ही खोड उपयोगी पडते अशी मी स्वतःची समजूत घालत असते. गिऱ्हाईक भागांची यादी आणतं आणि मी यादीवरून माणूस ओळखते. कुणाला मोठं ग्राफिक्स कार्ड हवं असतं, कारण मेव्हण्याकडे आहे. कुणाचा सगळा जीव कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांवर, आत काय चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण घड्याळजींच्या यादीने मला पार बुचकळ्यात टाकलं.

त्याआधी त्यांच्या ताईंचा फोन आला होता. ताईंनी तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून मोटारींच्या शर्यतीसाठी चांगलं दणकट मशीन बांधून घेऊन गेल्या, स्टिअरिंग आणि पेडलसकट. त्या त्यांच्या गावात, धाकटा भाऊ इथे. दर रविवारी सकाळी दहाला दोघांची इंटरनेटवरून शर्यत लागते. भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा आहे, घड्याळं दुरुस्त करतो, आणि ताई त्याला अजून बारक्या म्हणतात.

"बारक्या येईल तुझ्याकडे," ताई म्हणाल्या. "त्याचं मशीन आठ वर्षांचं झालंय. शर्यतीत सारखं अडकतं म्हणतो. त्याला सगळं नवं दे. एकही भाग हलका घालायचा नाही. तो काहीतरी सबबी सांगेल, तू ऐकू नकोस. शब्द दे मला."

"दिला. पण ताई, मशीन त्यांचं आणि घाई तुम्हाला?"

"मला त्याच्याशी एकदा खरी शर्यत लावायचीय." मग फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "एक सांग. मशीन अडकलं की गाडीचा मागचा लाल दिवा लागतो का गं?"

मी एका हाताने पंखा धरून दुसऱ्या हाताने स्क्रू पिळत होते. "नाही हो. अडकलं तर गाडी थिजेल नाहीतर उडी मारेल. दिवा लागायला ब्रेकवर पाय पडावा लागतो."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. मी दुसरा स्क्रू उचलला. एरवी नको तिथे नाक खुपसणारी मी, त्या दिवशी हे असं का विचारलं, एवढंही मला विचारावंसं वाटलं नाही.

घड्याळजी दोन दिवसांनी आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. यादी इतक्या नेटक्या अक्षरात की फ्रेम करून लावावी. प्रोसेसर उत्तम, कार्ड त्याहून उत्तम. पण स्क्रीन जुनाच ठेवायचा, असं खाली लिहिलेलं.

"अहो, हे कार्ड सेकंदाला दोनशे चित्रं काढणार आणि तुमचा स्क्रीन त्यातली साठच दाखवणार," मी म्हटलं. "जेवायला पंचवीस माणसं आणि ताटं चार, असं होईल."

"म्हणजे गाडी अडकल्यासारखी दिसेल?" त्यांनी विचारलं.

"अडकणार नाही. पण हवी तेवढी सफाईदार नाही दिसणार."

"अच्छा. अडकणार नाही." त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला. यादी घडी करून ते गेले.

चार दिवसांनी दुसरी यादी. स्क्रीन नवा, झकास. पण रॅमची एकच पट्टी, तीही अगदी लहान. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की काम दुहेरी वाटेने चालतं, एवढं तर गेम खेळणारी शाळकरी पोरंही सांगतात. मी तसं सांगितलं. त्यावर त्यांनी वही काढली. रॅम कमी पडली तर गाडी किती वेळ थांबते? अर्धा सेकंद की जास्त? वळणावरच थांबते की सरळ रस्त्यावरही? समोरच्याला कळतं का?

सगळी गिऱ्हाइकं विचारतात, अडकू नये म्हणून काय करू. अडकलं तर कसं दिसेल, हे विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चिक्कू म्हणावा, तर कॅबिनेट त्यांनी दुकानातलं सगळ्यात भारी निवडलेलं. अडाणी म्हणावा, तर दर यादीत एकच भाग मारका, आणि तोही नेमका हेरून घातलेला. कुठेतरी पाणी मुरत होतं. मला जेवण गोड लागेना. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक देवासारखं असतं म्हणतात, तू त्याची चौकशी समिती का नेमतेस?" मी त्याला भांडी घासायला लावली.

तिसरी यादी आली आणि माझं टाळकंच सरकलं. स्क्रीन, रॅम, सगळं ठीक. पॉवर सप्लाय मात्र एवढा कमी ताकदीचा की कार्डाने जोर धरला की मशीन भर शर्यतीत धाडकन बंद पडावं. हे मी कुणालाही बांधून देणार नाही. शिवाय ताईंना शब्द दिलेला. मी यादी पर्समध्ये टाकली, शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी घड्याळजींच्या दुकानात जाऊन थडकले.

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि तीन भिंती भरून घड्याळं. सगळी एकच वेळ दाखवत होती, काटा इकडचा तिकडे नाही. एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. घड्याळ रोज मागे पडतं, तर दहा मिनिटं पुढे करून द्या, म्हणजे कामावर वेळेत पोचेन, एवढंच त्याचं मागणं.

"ते नाही जमणार," घड्याळजी म्हणाले. "रोज किती मागे पडतं ते आधी बघू द्या. तेच झाकून टाकलं तर दुरुस्त काय करायचं ते मला कसं कळणार?" त्यांनी एका चिठ्ठीवर तारीख लिहिली, दोऱ्याने घड्याळाला बांधली आणि त्याला आठवड्याने यायला सांगितलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी यादी टेबलावर ठेवली. "हा पॉवर सप्लाय का?"

"चुकून—"

"तुमच्या हातून चुकून? तीनदा?"

त्यांनी भिंग काढून पुसलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग टेबलाकडे बघतच बोलायला लागले.

"ताईच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. वर्ष झालं. गाडी चालवायचं तिने स्वतःहून सोडलं. आता रविवारची शर्यत तेवढी उरलीय. आयुष्यात मी तिला कधी हरवलं नव्हतं, मॅडम. मला गाडी शिकवली तीच तिने. आणि एका रविवारी बघतो तर मी पुढे. ती वळणावर बाहेर फेकली गेली. मला काही सुचेना. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मी हळूच ब्रेक दाबला आणि ती पुढे गेली. म्हटलं, काय करणार ताई, मशीन अडकलं."

"आणि तेव्हापासून दर रविवारी?"

"जुनं मशीन म्हणून खपून गेलं. आता तीच मागे लागलीय, नवं घे, नवं घे. नवं मशीन घेतलं आणि हरलो तर काय सांगू? जिंकलो तर ती खेळणं सोडेल. मला माहितेय तिचा स्वभाव. मग तिच्याकडे काहीच राहणार नाही."

मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. त्याच क्षणी मला पंखा, स्क्रू आणि तो लाल दिवा आठवला.

"घड्याळजी," मी म्हटलं, "शर्यत संपल्यावर ती परत बघता येते, हो ना? मागून, पुढून, कुठूनही?"

"येते. मी नाही बघत कधी."

"ताई बघतात." मी त्यांना फोनवरचं सगळं सांगितलं. सरळ रस्त्यावर, पुढे एकही वळण नसताना, पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला तर तीस वर्षं ॲम्ब्युलन्स हाकलेल्या बाईच्या नजरेतून तो सुटेल का?

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"म्हणजे तिला कळलंय," ते म्हणाले. "आणि मशीन तिने एवढ्यासाठीच घ्यायला लावलं."

"सबब काढून घ्यायला."

"मग मी आता करू काय?"

"मी मशीन जुळवते, घड्याळजी. बहीणभावात मी काय सांगणार?" असं मी म्हटलं खरं, पण जागची हलले नाही. त्यांनी तिसरी यादी माझ्यासमोर ओढली, पॉवर सप्लायवर काट मारली आणि मला विचारून विचारून योग्य तो लिहिला. या वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, मशीन कधीपर्यंत मिळेल.

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला मी त्यांच्या घरी मशीन लावून दिलं. माझं काम साडेनऊलाच संपलं होतं. तरी स्टिअरिंगचं सेटिंग बघते म्हणत मी तिथेच स्टूल ओढून बसले. खोड, दुसरं काय.

दहाला स्पीकरमधून ताईंचा आवाज आला. "बारक्या, दिसतंय का नीट?"

"स्वच्छ दिसतंय, ताई."

"मग आज काही अडकायचं कारण नाही."

पाच फेऱ्यांची शर्यत. दुसऱ्या फेरीतच घड्याळजी पुढे गेले. स्क्रीनकडे मी थोडा वेळच बघितलं, मग मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. शेवटच्या फेरीत सरळ पट्टा आला. ब्रेकसाठी मोकळा ठेवलेला त्यांचा डावा पाय उचलला गेला, ब्रेकच्या पेडलवर येऊन तसाच अधांतरी राहिला. मग तो पाय मागे आला आणि त्यांनी तो खुर्चीखाली घट्ट दाबून धरला.

शर्यत संपली.

"किती?" ताईंनी विचारलं.

"दिसतंय की तुझ्या स्क्रीनवर."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"अकरा सेकंद," घड्याळजी म्हणाले. "अकरा पूर्णांक चार."

"एवढे?" ताईंचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "मला वाटलं होतं, दोनतीन असतील."

"ताई, मला वाटलं की तू—"

"तुला काय वाटलं ते कळलंय मला. तू आधी ऐक. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारतात, हात आणखी बिघडलाय का, गोळी वाढवू का. आणि मी वर्षभर सांगतेय, काही नको, मी अजून भावाला हरवते. ते मान डोलावतात आणि तीच गोळी लिहून देतात."

घड्याळजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. ते अंगावर थंड पाणी ओतल्यासारखे बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना.

"दिवा दिसला तेव्हा मी चिडले नाही," ताई म्हणाल्या. "घाबरले. म्हटलं, हा मला कितीची सूट देतोय? गिऱ्हाइकाला कधी चुकीची वेळ लावून दिली नाहीस तू. मला कशी रे दिलीस?"

"चुकलो, ताई."

"चुकलासच. उद्या मी डॉक्टरांकडे जातेय, त्यांना आकडा सांगायचाय. एका शर्यतीवरून काय कळणार? परत लाव. तीनदा खेळू. आणि मी कुठल्या वळणावर मार खाते तेही बघून ठेव."

"खेळणार आहेस तू?"

"मग काय करू, स्वयंपाक?"

घड्याळजींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग खिशातून दोरा बांधलेली एक चिठ्ठी काढली, दुकानात घड्याळाला बांधतात तसली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली नेटक्या अक्षरात लिहिलं, ११.४. चिठ्ठी त्यांनी नव्या स्क्रीनच्या कडेला अडकवली आणि दुसरी शर्यत लावली.