लाल तेलाचा माग

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. सिडकोतील घराच्या पोर्चमध्ये, नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर, लाल तेलाचे अकरा थेंब.

“अकरा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “मीच मोजले. तुम्ही कष्ट घेऊ नका.”

त्यांचे पती अनंतराव फडके घेऊन वाकले. आपोआप गिअर बदलणारी ती पन्नास वर्षांची विलायती गाडी त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. पण वरातींना जुन्या गाड्या पुरवणारे गंगापूरचे विश्वजित आज चार वाजता ती विकत घ्यायला येणार होते, आणि घरातला ठराव पक्का होता: त्यांचा चहा संपेपर्यंत फरशीवर एक जरी थेंब पडला, तर गाडीची किल्ली त्यांच्या हाती. आपल्या गाडीच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि समोर बँडवाले, या कल्पनेनेच अनंतराव फरशी आणखी जोराने घासू लागले.

आठ वाजता संघपाल आले. दोघे तंत्रनिकेतनात एका बाकावर शिकले. पुढे अनंतराव तिथेच शिकवू लागले आणि संघपालांनी चिकलठाण्यातल्या कारखान्याची यंत्रे सांभाळली.

“गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरचं पॅकिंग गळतंय,” अनंतराव म्हणाले.

“तीनदा बदललंस की रे! मागचं सील गेलंय.”

“सील गेलं असतं तर माग मागून पुढे आला असता.”

“मग माग काढू. पावडर आण.”

गिअरबॉक्स धुऊन, पुसून, कोरडी करून दोघांनी तिच्यावर कालिंदीबाईंचा टाल्कम पावडरचा डबा रिता केला. तेल जिथून निघेल तिथून पावडरीवर लाल रेघ उमटणार, हे साधे शास्त्र. आतून आवाज आला, “अहो, ती पावडर मोगऱ्याची होती!”

गाडी वेरूळच्या रस्त्याने दौलताबादचा घाट चढून परत आली, तेव्हा तिला लग्नघराचा सुवास येत होता. अनंतराव आरसा आणि बॅटरी घेऊन खाली सरपटले. चेंबरचा काठ ओला. पण रेघ काठावर सुरू झालेली नव्हती. ती वरून आली होती. पॅकिंगच्या वरून, सीलच्याही वरून, थेट माथ्यावरच्या ब्रीदरपासून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या बारक्या नळीपासून.

“काही फुटलेलंच नाही,” अनंतराव पुटपुटले. “उतू जातंय.”

“तेल कधी बघतोस?”

“रोज सकाळी सहाला, इंजिन चालू करून. कमी दिसलं की खुणेपर्यंत भरतो. मोजमाप नेहमी एकाच वेळी, एकाच स्थितीत. चाळीस वर्षं मुलांना हेच...” ते थांबले. मोजपट्टीवरची खूण गरम तेलासाठी होती. थंड तेल खाली बसते. ते खुणेपर्यंत भरले की घाटात तापून फुगते आणि वाट मिळेल तिथून निघते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कमी दिसे, आणि अनंतराव पुन्हा निष्ठेने भरत.

संघपाल फरशीवर बसून हसले. “लई शिस्तीत चुकलास, अनंता! थंड दुधानं पातेलं काठोकाठ भरायचं, अन् शिव्या पातेल्याला!”

“तुझं सील काय म्हणतंय?”

“सील निर्दोष सुटलं. माझा अंदाजही गेला गाळात, व्हय.”

इंजिन चालू ठेवून अनंतरावांनी मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी लावली. गरम तेल खुणेवर येईपर्यंत अर्धा लिटर निघाले.

विश्वजित चारला आले. चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारमारून, सोयीस्कर सावकाशपणे प्यायला; दुसरा कपही मागितला. तो देताना कालिंदीबाईंचा चेहरा न्यायाधीशाचा होता. मग त्या बॅटरी घेऊन स्वतः वाकल्या.

“विश्वजितराव, बिस्कीट घ्या,” त्या उठत म्हणाल्या. “किल्ली मात्र मिळायची नाही.”

फरशीवरील थेंब: शून्य.