दोरीच्या आत

दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रांच्या जागी एका बिल्ल्याची पूजा होते. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे भय्यासाहेबांचे, आजोबा विष्णुपंत संस्थानातल्या सरदारांच्या पगड्या बांधायचे. १९२४ साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, तिथं त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि हा बिल्ला दिला, अशी घरातली कथा. ती ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दिवाणखान्यात गोल चौकटीत त्यांचा तिथलाच फोटो, डोक्यावर पगडी, नजर खाली. "केवढा मान मिळाला, तरी नजर बघा कशी खाली," हे भय्यासाहेब आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवायचे.

यंदा पंधरा ऑगस्टला आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळानं माधव नगरात जुन्या घराण्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि भय्यासाहेबांना आकाश ठेंगणं झालं. मी तो फोटो मोठा करायला फ्रीगंज बाजारातल्या एका दुकानात दिला. आदल्या दिवशी आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "आंटीजी, फोटो पीछे से मुड़ा हुआ था. मैंने पूरा खोलके बड़ा कर दिया."

घरी येऊन भय्यासाहेबांसमोर कागद सोडला. विष्णुपंत एका बुटक्या चौथऱ्यावर मांडी घालून बसले होते. गुडघ्यावर अर्धी बांधलेली पगडी होती, नजर तिच्यावर. पुढं जाड दोरी. दोरीपलीकडं साहेबांची आणि मडमांची गर्दी, त्यातली एक त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होती. पाहुणे कसले, त्यांना तिथं मांडून ठेवलं होतं.

मला संतापच आला. त्या मडमेचा नाही, ज्यानं हा फोटो दुमडला त्याचा. पण सासऱ्यांचा चेहरा साफ उतरला होता.

"दादांनीच दुमडला असणार," ते वडिलांबद्दल म्हणाले. "त्यांना मालूम होतं, प्रतिभा. अन् मी जिंदगीभर लोकांना काय सांगत बसलो!"

"परत पहिल्यासारखा गोल करून आणते. कोणाला कळणार आहे?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी कोट घालून तयार झाले आणि म्हणाले, "पूराच घेऊन चल."

मंडळात, कोणी हात लावू नये म्हणून, सगळ्या वस्तूंपुढं दोरी बांधली होती. फोटो दोरीमागं भिंतीला टेकवला. झेंडावंदन झालं, भय्यासाहेबांच्या हाती माईक आला. नेहमीची कथा येणार म्हणून लोक आरामात बसले होते.

"माझे आजोबा लंडनला पाहुणे नव्हते," ते म्हणाले. "त्यांना तिथं बसवून लोकांना दाखवलं होतं."

मग माईक ठेवला, दोरी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे फोटोखाली जमिनीवर बसले.

अध्यक्ष धावत आले. "भय्यासाहेब, कुर्सी आणवू का?"

"नको. इतके साल ते इथं अकेलेच बसलेत."

सभागृहात कोणाला काय करावं सुचेना. शेवटी मागून एकानं मोबाइल वर धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आणि डोक्यात तिडीक, दोन्ही एकदमच आली.

"फोटो काढायचाय ना? मग आत या अन् काढा!" मी ओरडले आणि दोरीखालून वाकून आत गेले.

भय्यासाहेबांनी सरकून मला जागा दिली.