उठून गेलेली सभा

पायताणं बाहेर काढून या, मग बसा. मी जाजम आहे, मिरजगावच्या पलीकडं असलेल्या एका लहान गावच्या पंचायतीची. माझ्यावर पुष्कळ लोक बसून गेले. पण सांगायचं आहे ते गोजरबाईबद्दल. ती माझ्यावर बसली आणि गावची सभाच उठून गेली.

माझा जन्म कारागृहातला. शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी मला विणलं, लाल आणि निळ्या पट्ट्यांची. पंचायत नवी नवी होती तेव्हा एसटीच्या टपावरून मी गावात आले. पंचायतीचा शिपाई पुंजाराम मला चावडीत अंथरायचा. मधोमध सरपंच श्रीमंतराव बसायचे, त्यांच्या दोन्ही अंगांना पंच मंडळी. एखाद्याला ठराव पटत नसला की तो तोंडानं काही बोलायचा नाही, बसल्या जागी माझे दोरे ओढत राहायचा. माझी कड उसवली ती अशी. बौद्ध वस्तीवरची माणसं मात्र माझ्यापर्यंत कधी आलीच नाहीत. ती पायरीखाली मातीत उभी राहायची. कुणी त्यांना या म्हणायचं नाही, आणि नको असंही म्हणावं लागायचं नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. वस्तीवरची विहीर फाल्गुनाआधीच आटली. बाया ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणू लागल्या. गोजरबाईची सून राहीबाई पोटुशी होती. भरला हंडा घेऊन दरड चढताना तिचा पाय घसरला. ती वाचली, पोटातलं गेलं. त्यानंतर गोजरबाई कुणाशी फार बोलेनाशी झाली.

तेवढ्यात कळलं, की गावाला बोअर मंजूर झाली आहे आणि जागा ग्रामसभेनं ठरवायची आहे. सभा सगळ्यांसाठी खुली, असा कायदाच. पण पुंजारामनं दवंडी दिली ती लोक पाझर तलावाच्या कामावर निघून गेल्यावर, आणि तीही मारुतीच्या देवळापाशी, एकदाच. तसं त्याला सांगितलंच होतं. सभेच्या दिवशी त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि चावडीत न नेता सरपंचांच्या मळ्यात नेलं. गोठ्यापुढच्या पडवीत मी अंथरली गेले. पंच बसले. ग्रामसेवक राधाकृष्ण दप्तर मांडून बसले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. ते बाहेरगावचे, तरणे, आणि भित्रे.

पण पुंजारामची बायको केशरबाई तलावावर गोजरबाईच्या शेजारीच माती वाहायची. आज सभा आहे, हे तिच्या तोंडून निघून गेलं. गोजरबाईनं पाटी खाली ठेवली. तिच्यामागं एकेक करत पंधरावीस बाया निघाल्या. चावडीला कुलूप दिसलं, तेव्हा सभा कुठं असणार ते ओळखून त्या सरपंचांच्या मळ्याकडं वळल्या.

श्रीमंतराव रागावले नाहीत. हसून म्हणाले, सभा सगळ्यांची आहे, ऐका की, तुम्हाला कुणी अडवलंय! बाया अंगणात उन्हात उभ्या राहिल्या. पडवीत बोअरचं बोलणं सुरू झालं, पण इतक्या हळू आवाजात, की अंगणात शब्द पोचेना. गोजरबाईनं दोनदा सांगितलं, जरा मोठ्यानं बोला. आवाज काही वाढला नाही.

तेव्हा ती पुढं आली. पायांची माती झटकली, पडवीची पायरी चढली आणि माझ्या कडेवर बसली.

"आण्णा, आता ऐकू येतंय. बोला," ती श्रीमंतरावांना म्हणाली.

आधी एक म्हातारा पंच उठला, त्याच्यामागं दुसरा. बघता बघता मी रिकामी झाले. शेवटी श्रीमंतराव उठले. भाऊसाहेबांनी दप्तर गोळा केलं आणि खाली मान घालून म्हणाले, गणपूर्ती नाही, सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की किती माणसं हजर आहेत ते बघायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळानं ती मळ्यातल्या विहिरीवरच्या आंब्याखाली भरली, आणि बोअर सरपंचांच्या बांधालगत घ्यायची असं ठरलं. इकडं गोजरबाई माझ्यावर बसून होती, तहकूब म्हणजे घटकाभर थांबली असं समजून, मंडळी परत येतील म्हणून वाट बघत.

संध्याकाळी मला न्यायला कुणी आलं नाही. पंचायतीनं नवी जाजम घ्यायचं ठरवलं. केशरबाईनं ते येऊन सांगितलं, तेव्हा गोजरबाईनं मला झाडलं, घडी केली आणि वस्तीवर नेलं.

बोअरला पाणी लागलं. नावाला ती गावाची. पण गावातले हंडे भरून झाल्यावर वस्तीच्या बायांची पाळी यायची, आणि तोवर हापसा दमलेला असायचा.

गोजरबाई पंचायतीत जायची आणि एवढंच म्हणायची, त्या दिवशी काय लिहिलं ते वाचून दाखवा. भाऊसाहेब म्हणायचे, उद्या या. एके दिवशी दिवेलागणीला तेच सायकलवरून वस्तीवर आले. मी अंथरलेलीच होते. ते क्षणभर उभे राहिले, मग बूट काढून माझ्यावर बसले. पिशवीतून इतिवृत्ताचं पुस्तक काढून त्यांनी ठराव वाचला. शेवटचे शब्द होते, सर्वानुमते मंजूर.

"सर्व म्हंजी कोन कोन, तेवढं सांगा," गोजरबाई म्हणाली.

"बाई, मला सांगितलं तसं लिहिलं."

"पर लिवनारा हात तुमचाच हुता न्हवं?"

भाऊसाहेबांचा हात माझ्यावरच टेकलेला होता. तो त्यांनी उचलला. मग त्यांनी ठरावाची नक्कल उतरवली, खाली सही केली, शिक्का मारला आणि ती राहीबाईच्या हातात दिली.

ती नक्कल घेऊन गोजरबाई तालुक्याला गेली. उत्तर आलं, की बोअर झालेली आहे, आता तिथून हलत नाही. इथून पुढं मात्र सभा चावडीतच भरवावी आणि वस्तीवरही दवंडी द्यावी. भाऊसाहेबांची बदली झाली. जाताना ते कुणाला भेटले नाहीत.

पुढच्या सभेच्या आधी पुंजाराम पहिल्यांदा वस्तीवर आला आणि मोठ्यानं दवंडी देऊन गेला. गोजरबाईनं मला काखेत मारलं. चावडीत नवी जाजम आधीच अंथरलेली होती, तिच्यावर पंच बसलेले. गोजरबाईनं मला तिच्या शेजारी पसरलं आणि वस्तीची माणसं बसली. या वेळी कुणी उठून गेलं नाही. सरकून घ्या, इकडं या, असंही कुणी म्हटलं नाही. वस्तीसाठी दुसरी बोअर मागितली. पुढच्या साली बघू, असं ठरलं. राहीबाई अजून हापशाला नंबर लावते.

मी आता जुनी झाले. लाल पट्टा विटला, मधे दोन ठिगळं आहेत. सभेच्या दिवशी मला चावडीत नेतात. नवी आणि मी, आमच्या दोघींच्या मधे वीतभर माती उघडी राहते. मला हातपाय नाहीत. तुमच्यापैकी कुणी सभेला आलात, तर बसण्याआधी माझी कड धरा आणि मला तेवढं नवीकडं ओढा.