बेटवालीच्या घरी

वसतिगृहात तिला सगळ्या पेन्सिल म्हणत. उंच, काटकुळी, आणि बोलायला लागली तरी कागदावर टोक घासल्याइतकाच आवाज. आई ती शाळेत असतानाच गेली. वडील बोअर खणणाऱ्या कंपनीत, जिथे यंत्र जाईल तिथे त्यांचा तंबू. सुट्टी लागली की बाकीच्या मुली बॅगा भरायच्या आणि पेन्सिल त्या बॅगांवर बसून चेन लावून द्यायची. मजला रिकामा झाला की वॉर्डनबाई तिला खाली स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवत. एका मुलीसाठी वरचे दिवे कशाला जाळायचे, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी मात्र तिला बेटवालीने घरी बोलावलं होतं. बेटवाली म्हणजे तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण. तिचे वडील बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवत. मासेमारीच्या बोटी समुद्रात जाण्याआधी तिथूनच बर्फ भरून नेत. मुलीने इंजिनिअर व्हावं असं त्यांना फार वाटायचं. पण पहिलं वर्ष कसंबसं काढून बेटवालीने इतिहास घेतला, आणि त्यानंतर हळूहळू वडील फोनवर यायचेच बंद झाले. आई सांगायची, कामावर आहेत, आंघोळीला गेलेत, आत्ताच डोळा लागलाय. बेटवाली मैत्रिणींत हसून म्हणायची की आमच्या बाबांइतका स्वच्छ माणूस जगात नसेल, केव्हाही फोन करा, आंघोळच चाललेली असते. पण हसून झालं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

निघायच्या आदल्या दिवशीही वडील फोनवर आले नाहीत. बेटवालीने भरलेली बॅग पलंगाखाली सरकवली आणि आईला सांगून टाकलं की प्रोजेक्ट राहिलाय, येत नाही. आई म्हणाली, मैत्रिणीला तरी पाठव, मी खोली आवरून ठेवलीये. पेन्सिलने खूप आढेवेढे घेतले.

"जा गं," बेटवाली म्हणाली. "त्या गादीवर निदान कुणीतरी झोपेल."

लाँचमधून उतरताना पेन्सिलचा चेहरा पार उतरला होता. वाटभर तिला मळमळत होतं. धक्क्यावर बेटवालीची आई उभी होती. तिने विचारपूस केली नाही, सरळ तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, चल, आधी आडवी हो. पेन्सिल त्यांना काकू म्हणू लागली. संध्याकाळी काका कामावरून आले. रुंद खांद्यांचा, मोठ्याने बोलणारा माणूस. तिने जेवताना पाणी मागितलं तर त्यांनी नॅपकिन दिला. तिने तो मुकाट्याने मांडीवर पसरला. काकूंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि विषय बदलला.

कारखान्याचे क्वार्टर्स कारखान्याला लागूनच होते. दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायला जागा, आणि दिवसभर जमिनीतून येणारी कॉम्प्रेसरची घरघर. पेन्सिल बेटवालीच्या गादीवर झोपली, काकूंनी काढून दिलेला तिचाच जुना स्वेटर घालून हिंडली. सकाळी काकूंबरोबर धक्क्यावर मासे घ्यायला जायची, दुपारी काकांचा डबा पोचवायची. चौथरा चढला की आत मिठाच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी साचे बुडवलेले दिसत. गोठलेला साचा वर उचलून साध्या पाण्यात बुचकळला की बर्फाची लादी सुटायची आणि लाकडी घसरगुंडीवरून खाली जायची. पेन्सिलला ते बघत उभं राहायला आवडायचं. ती बाहेर पडली की काकू दारातून विचारायच्या, कधी येशील? तिला असं कुणी विचारून बरीच वर्षं झाली होती. ती उत्तर द्यायची आणि ठरल्या वेळेच्या आधीच परतायची.

एकदा ती डबा घेऊन गेली तेव्हा काका पाठमोरे उभे होते. तिने हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा ते एवढे दचकले की हातातला पाना खाली पडला. त्यांनी पाना उचलला, कॉम्प्रेसरच्या अंगावर पंजा टेकवला आणि यंत्राची थरथर हाताने पाहत तसेच उभे राहिले. मग पेन्सिलला नॅपकिन आठवला, परवा घरात वाजत राहिलेला फोन आठवला आणि त्या फोनशेजारी पेपर वाचत बसलेले काका आठवले.

त्या दुपारी चादरींच्या घड्या घालताना तिने काकूंना विचारलं. काकूंनी चादरीचं आपल्याकडचं टोक सोडलं नाही. त्या सांगत गेल्या. काकांना ऐकू येणं कमी होत होत आता जवळजवळ गेलंच होतं. मागे यंत्रातल्या अमोनिया वायूच्या गळतीची घंटा वाजली ती त्यांना कळलीच नव्हती, दुसऱ्या कामगाराने ओढून बाहेर काढलं. मालकाने हा हंगाम संपेपर्यंतच कामावर ठेवायचं कबूल केलं होतं. नोकरी गेली की क्वार्टर्सही जाणार. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"परीक्षा होऊ दे तिची," काकू म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस." नाही बोलणार, असा पेन्सिलने शब्द दिला.

काका दारात येऊन उभे होते. काकूंच्या ओठांकडे बघून त्यांना विषय समजला असावा. ते पेन्सिलकडे वळले आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "फोनवर नुसता खरखराट येतो. तिचा आवाज येत नाही. हो हो करत राहिलो तर तिला लगेच कळेल."

पेन्सिलने त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं, "इतिहास घेतला म्हणून रागावलात?"

"कशाला रागावू?" ते म्हणाले. "या आवाजात तिने आयुष्य काढावं, हे मला तरी आता कुठे पाहिजे होतं?"

निघताना काकूंनी तिला जवळ घेतलं, आणि शब्द दिलायस, एवढंच म्हणाल्या. लाँच सुटल्यावर पेन्सिल धक्क्याकडे बघत राहिली. घरी कुणाला तरी आपली वाट पाहायला लावून निघावं तसं तिला वाटत होतं. सांगायला हवं, हे तिला तेव्हाच कळलेलं होतं. पण सांगितलं की बेटवाली घरी जाईल, आणि मग ती गादी, तो स्वेटर आणि दारातला तो प्रश्न, सगळं जिचं तिला परत जाईल, हेही तिला कळलेलं होतं.

वसतिगृहात फिनाइलचा वास होता आणि जिन्यावर बॅगांची गर्दी. समुद्र कसा होता, एवढंच बेटवालीने विचारलं. छान होता, असं पेन्सिलने सांगितलं. मग वर्ग सुरू झाले, प्रॅक्टिकल सुरू झाली. काकू आता पेन्सिललाच फोन करू लागल्या. नीट जेवतेस ना, ती झोपते ना वेळेवर, असं विचारायच्या. पेन्सिल फोन घेऊन गॅलरीत जायची. एकदा परत आली तर बेटवाली पलंगावर ताठ बसलेली.

"माझ्या आईचा फोन तुला येतो," ती म्हणाली. "आणि माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काय केलंस तिथे जाऊन?"

पेन्सिलने मग सगळं सांगितलं. आधी गळतीचं, मग नोकरीचं, आणि शेवटी काका काय म्हणाले ते शब्दाला शब्द. बेटवालीने मधे एकदाही तोडलं नाही. ती रडेल असं पेन्सिलला वाटलं होतं, पण ती रडली नाही.

"इतके दिवस तू माझ्या शेजारच्या पलंगावर झोपत होतीस," एवढंच ती म्हणाली. पलंगाखालची बॅग ओढली आणि पहिल्या लाँचने निघून गेली.

त्यानंतर ज्या गोष्टी व्हायच्या त्या झाल्या, आणि बऱ्या झाल्या. बेटवालीने वडिलांना शहरातल्या डॉक्टरकडे आणलं, कानाला मशीन बसवलं. हंगाम संपल्यावर तिघांनी शहरातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि ती आई-वडिलांबरोबर राहायला गेली. सामान न्यायला आली तेव्हा ती पेन्सिलशी चांगलं बोलली. गादी गुंडाळायला दोघींनी मिळून दोरी आवळली. काकूंचा एकच फोन आला होता. तू सांगितलंस ते बरंच झालं म्हणायचं, असं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

एका रविवारी त्यांनी तिला जेवायला बोलावलं. तिला एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. ती पानं घ्यायला उठली तर काकू म्हणाल्या, बस गं, तू पाहुणी. काकांनी अभ्यास कसा चाललाय ते विचारलं आणि या वेळी उत्तर नीट ऐकलं. जेवताना त्यांचा काहीतरी विनोद झाला, तिघंही पोट धरून हसली, आणि मग बेटवालीने तो तिला पहिल्यापासून समजावून सांगितला. पेन्सिलही हसली. सगळी आनंदात होती, तिच्याशी प्रेमाने वागत होती, आणि त्याबद्दल तिला कुणाला नावं ठेवता येत नव्हती. बसस्टॉपपर्यंत सोडायला बेटवाली आली. बस आली तेव्हा तिने पेन्सिलचा हात दाबला.

"तू सांगितलं नसतंस तर मी गेलेच नसते," ती म्हणाली.

"माहीत आहे," पेन्सिल म्हणाली.

वसतिगृहाच्या मेसमध्ये रविवारी संध्याकाळी निम्मी टेबलं रिकामी असतात. पेन्सिल ताट घेऊन खिडकीजवळ बसली. पलीकडच्या टेबलावर नवीन आलेल्या मुलींचा घोळका जमत होता. त्यातली एक तिच्याजवळ आली, समोरच्या खुर्चीवर हात ठेवला आणि विचारलं, इथे कुणी आहे का?

"नाही," पेन्सिल म्हणाली आणि स्वतःचं ताट थोडं मागे घेतलं, म्हणजे तिला जागा होईल.

मुलीने आभार मानले, खुर्ची उचलली आणि पलीकडच्या टेबलाकडे घेऊन गेली. पेन्सिलने जेवण संपवलं, ताट धुऊन रॅकवर ठेवलं, आणि सोमवारचं प्रॅक्टिकल लिहायला वर गेली.